छत खाली आणू नका : आमच्या क्रीडा संकुलाच्या व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि समितीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार वि. वि.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठ्या हॉलच्या दाराला आपली नोटीस लागली. दिवाळीनंतर हॉलचं ‘बहुउद्देशीय सभागृह’ होणार. त्यासाठी आहे त्या छताच्या खाली, जमिनीपासून साडेचार मीटर उंचीवर, नवं छत येणार, एसी लागणार. आणि रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या, म्हणजे हूप, बॉल, रिबन घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्सच्या, मुलींनी १ जुलैपासून तळघरातल्या खोलीत, रात्री आठ ते साडेनऊ, ‘तात्पुरता’ सराव करायचा. आम्ही पालकांनी दोनदा लेखी अर्ज दिला. दोन्ही वेळा पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

संकुलाचं नाव मी लिहीत नाही. ठाण्यातले ओळखणारे ओळखतील, पण ते नाव खराब व्हावं अशी माझी इच्छा नाही. माझी लेक तिथेच घडते आहे.

मी कळव्याला राहते आणि घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. सात वर्षांपूर्वी लेकीला रिदमिकला घातलं तेव्हा पहिल्या स्पर्धेसाठी लिओटार्ड, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा स्पर्धेचा पोशाख, विकत घेणं परवडत नव्हतं. आमच्या ताईंकडून, म्हणजे प्रशिक्षकांकडून, एक जुना मागून आणला, उसवला, कापड कसं बेतलंय ते पाहिलं आणि लायक्रा आणून शिवून बघितला. पहिला काखेत तटतटला, दुसरा पाठीवर ढगळ झाला, तिसरा जमला. आज संकुलातल्या बहुतेक मुलींचे लिओटार्ड माझ्याच मशीनवर शिवले जातात. तेव्हा यात माझ्या पोटापाण्याचा संबंध आहे, हे मीच आधी सांगते.

पण या पत्राचं निमित्त नोटीसही नाही. निमित्त आहे तो फळा.

हॉलच्या पूर्वेच्या भिंतीवर आठ फूट बाय चार फूट प्लायवूडचा फळा होता, आपण सगळ्यांनी पाहिलेला. रिदमिकच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचं वर्ष, शहर आणि विजेतीचं नाव, अशा ओळी त्यावर होत्या. करोनानंतर हॉल पुन्हा उघडला तेव्हा मुलींनी वर्गणी काढून तो केला. ताई नावं सांगायच्या, मी ऑइल पेंटने लिहायची, कारण माझं अक्षर बरं आहे. त्या निमित्ताने मला या खेळाचा इतिहास पाठ झाला. २८ जूनला मी लेकीला सोडायला आले तर तो फळा जनरेटरच्या खोलीमागे, तोंड भिंतीकडे करून, पावसात उभा होता. खालच्या तीन ओळी भिजून फुगल्या आहेत. कुणाला विचारलं नाही, कुणाला कळवलं नाही. मुलींनी तो तसाच पाहिला. धाकट्या दोघी रडल्या.

मार्चच्या सभेत आपल्यापैकी एका सदस्यांनी विचारलं होतं, ‘या खेळाला इथे येतं कोण? चाळीस-पंचेचाळीस मुली. एवढ्यासाठी एवढा हॉल?’ त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. ते त्याच फळ्याच्या पहिल्या ओळीत होतं. १९६३, बुडापेस्ट, ल्युदमिला साविन्कोवा. जगातली ती पहिली स्पर्धा आणि तिला आल्या होत्या दहा देशांच्या मिळून अठ्ठावीस मुली. सगळे देश युरोपातले. आपल्या हॉलमध्ये सोमवारी संध्याकाळी सेहेचाळीस मुली असायच्या. बुडापेस्टमध्ये कुणी डोकी मोजून हॉल बंद केला असता तर फळ्याची दुसरी ओळ झालीच नसती.

चार वर्षांनी, १९६७ ला कोपनहेगनमध्ये, समूहाचीही, म्हणजे अनेक मुलींनी एकत्र खेळायची, स्पर्धा सुरू झाली. मग १९६९, १९७१ आणि १९७३ अशा तीन ओळींत एक नाव पुन्हा पुन्हा येतं : बल्गेरियाची मारिया गिगोवा. तिच्याच काळात खेळलेली नेश्का रोबेवा पुढे प्रशिक्षक झाली आणि तिच्या हाताखाली राल्येन्कोवा, गेओर्गिएवा, पानोवा अशा एकामागून एक जगज्जेत्या घडल्या. बियान्का पानोवाने १९८७ ला आपल्याच देशात, वार्नामध्ये, प्रत्येक रूटीनला, म्हणजे संगीतावर बसवलेल्या प्रत्येक सादरीकरणाला, दहापैकी दहा गुण घेतले. खेळून मोठी झालेली मुलगी पुढच्या मुलींना शिकवायला उभी राहिली की काय होतं, ते या ओळींत दिसतं. आपण काय केलं? अठराच्या वरच्या मुलींना हॉलमध्ये यायला वेगळं सदस्यत्व लावलं. आमच्या चार मोठ्या मुली कॉलेज करून धाकट्यांचा वॉर्मअप घ्यायच्या, स्प्लिट्सना बसवायच्या, एक पैसा न घेता. आता त्यांनी येण्यासाठी पैसे भरायचे. चारपैकी तिघींनी येणं सोडलं आहे.

आता छताबद्दल. मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते हेच. आपल्यापैकी बहुतेकांनी सराव पूर्ण पाहिलेला नाही असं मला वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या खेळात हूप, बॉल, क्लब्ज (गदेसारखे दोन हलके दांडे), रिबन हातात धरून नाचणं हा अर्धाच भाग. उरलेला अर्धा वर हवेत असतो. मुलगी हूप उंच फेकते, तो वर असताना खाली दोन कोलांट्या किंवा दोन गिरक्या घेते आणि उठता उठता झेलते, कधी हाताने, कधी पायाने, कधी पाठीमागे न बघता. गुण त्यालाही मिळतात. आमच्या मोठ्या मुलींचा हूप सात मीटरपर्यंत जातो. स्पर्धेच्या हॉलला आठ मीटरच्या खालचं छत चालत नाही, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून सांगितलं गेलं, आणि आपल्या हॉलची उंची साडेआठ आहे. ठाण्यात एवढी उंची मिळणं किती कठीण आहे हे आपण जाणता.

माझा भाचा बारावी सायन्सला आहे. त्याला मी हिशेब करायला बसवलं. दीड मीटरवरच्या हातातून सुटलेला हूप सात मीटरला जाऊन परत येतो तेव्हा दोन सेकंदांहून थोडा जास्त वेळ हवेत असतो. साडेचार मीटरच्या छताखाली, छताला अगदी टेकवला तरी, हा वेळ दीड सेकंदावर येतो. तळघराचं छत तीन मीटर, तिथे जेमतेम एक सेकंद आणि वर थोडं. दोन कोलांट्या घालून उठायला माझ्या लेकीला दोन सेकंद लागतात. म्हणजे नव्या छताखाली तिने आठवड्याला दहा तास सराव केला तरी जे शिकायचं आहे ते शिकताच येणार नाही. कमी शिकता येईल असं नव्हे. येणारच नाही.

एसीचंही तसंच. रिबन सहा मीटर लांब, ज्युनियर मुलींची पाच, आणि वजन पस्तीस ग्रॅमच्या आसपास. वाऱ्याची झुळूक आली तरी तिचा साप, म्हणजे नागमोडी आकार, वाकडा होतो, गाठ बसते, आणि गाठ बसली की गुण गेले. मे महिन्यात घामाच्या धारा लागलेल्या असताना आमच्या मुली पंखे बंद करून रिबनचा सराव करतात. त्यांना एसी नको आहे. त्यांनी कधी मागितलाही नाही.

तळघराच्या खोलीबद्दल थोडक्यात. स्पर्धेचं कार्पेट तेरा बाय तेरा मीटर असतं, ती खोली नऊ बाय अकरा आहे आणि तिच्यात दोन खांब आहेत. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. कार्पेटच्या पट्ट्या तिथे नेऊन ठेवल्या आहेत, त्यातल्या दोन आत्ताच कुबट वास मारतायत. खांबांना फोम गुंडाळून देऊ असं कार्यालयातून सांगितलं गेलं. फोममुळे डोकं वाचेल, रूटीन कसं बसवायचं?

आणि वेळ. रात्री साडेनऊला सुटून दिवा आणि मुंब्र्याच्या मुली लोकलने घरी कधी पोचणार? त्यांच्यात दहा वर्षांच्या मुली आहेत आणि त्यांची शाळा सकाळी सातची आहे. १ जुलैपासून आजपर्यंत अकरा मुलींनी खेळ सोडला. नावं कार्यालयाच्या हजेरीपटावर आहेत.

‘तात्पुरतं आहे, वर्ष-दोन वर्षांत बघू’ असं मला दोघा सदस्यांनी वेगवेगळं सांगितलं. चांगल्या मनाने सांगितलं असेल. पण या खेळातलं वर्ष म्हणजे काय ते ऐका.

फळ्यावर १९८३, स्ट्रासबुर्ग आणि १९८५, वायादोलिद या लागोपाठच्या दोन ओळींत एक नाव आहे : दिलियाना गेओर्गिएवा. दोनदा जगज्जेती. रिदमिक ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं ते नेमकं त्यांच्या मधल्या वर्षी, १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये. सोव्हिएत संघाने आणि त्याच्या मित्रदेशांनी बहिष्कार टाकला, बल्गेरिया त्यात होता. गेओर्गिएवा गेली नाही. सुवर्णपदक कॅनडाच्या लॉरी फंगला मिळालं, आणि ती आली, खेळली, जिंकली, यात तिचा काही दोष नाही. पण १९८८ चं ऑलिम्पिक येईपर्यंत गेओर्गिएवाचं खेळणं संपलं होतं. दोनदा जगज्जेती झालेली मुलगी ऑलिम्पिकच्या कार्पेटवर एकदाही उभी राहिली नाही. ठरवलं मोठ्यांनी, आणि वर्षं गेली तिची. ही ओळ लिहिताना माझा ब्रश थांबला होता. लेकीने विचारलं, ‘मग तिला नंतर का नाही दिलं?’

माझी लेक तेरा वर्षांची आहे. या खेळात ज्युनियर गट पंधरापर्यंत, सोळावं लागतं त्या वर्षापासून सीनियर. म्हणजे ज्युनियर म्हणून तिच्या हातात तीन मोसम आहेत आणि आपली ‘वर्ष-दोन वर्षं’ त्यातलीच जाणार. ती जगज्जेती होईल असं मी म्हणत नाही. राज्य स्पर्धेच्या अंतिम फेरीत यावं, एवढं तिचं स्वप्न आहे आणि त्याच्या ती जवळ आहे. समिती पुढच्या वर्षीही समिती असेल. ती पुढच्या वर्षी तेरा वर्षांची नसेल.

‘यात आपलं कोण आहे?’ हाही प्रश्न त्याच सभेत आला होता. आपलं आहे, आणि ठाण्याचंच आहे. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिदमिकच्या भारतीय संघात ठाण्याची पूजा सुर्वे होती. ठाण्याच्याच संयुक्ता काळेने २०२२ मध्ये पंचकुलाच्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत पाच सुवर्णपदकं आणली. या मुली कुठल्या तरी उंच छताखालीच हूप फेकत मोठ्या झाल्या. कुणीतरी त्यांना जागा दिली होती.

याच सभेत कुणीतरी मल्लखांबाचं नाव काढलं, की आपला खेळ सोडून हे कशाला. मल्लखांब मलाही प्रिय आहे. आपल्याच हॉलच्या कोपऱ्यात खांब पुरलेला आहे, वरून दोर सोडलेला आहे आणि आमच्या निम्म्या मुली मंगळवारी त्या दोरावर असतात. त्यांच्या पाठीचा लवचीकपणा तिथूनही येतो. साडेचार मीटरवर छत आलं की तो दोरही जाईल. नोटिशीत त्याचा उल्लेख नाही.

आणि जागा दिली की काय होतं, तेही फळ्यावर आहे. १९७१ ला हवानामध्ये स्पर्धा पहिल्यांदा युरोपबाहेर गेली, आणि त्यानंतर पुन्हा युरोपबाहेर जायला १९९९ उजाडलं : ओसाका. मग २००९ ला जपानमधलंच मिए, जिथे रशियाच्या एव्हगेनिया कानाएवाने सहाच्या सहा सुवर्णपदकं घेतली. मग २०२१ ला किताक्युशू. तीनदा जपानने मैदान मांडलं आणि पदकं बहुतेक पाहुण्यांनी नेली. मग २०२५ ला रिओमध्ये समूहाचं सर्वांगीण (सगळ्या रूटीनचे गुण मिळून ठरणारं) विजेतेपद जपानच्या मुलींनी जिंकलं, आणि यजमान ब्राझीलला रौप्य मिळालं. दक्षिण अमेरिकेत ही स्पर्धा पहिल्यांदाच झाली होती. स्पेनचंही असंच. १९७५ ला माद्रिद, १९८५ ला वायादोलिद, १९९३ ला आलिकांते, आणि १९९६ ला अटलांटामध्ये समूह रिदमिक ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा सुवर्ण स्पेनच्या मुलींचं. एकट्या यजमानपदाने पदक मिळतं असं मी म्हणणार नाही, शिकवणाऱ्यांचे कष्ट त्यात आहेतच. पण वीस-पंचवीस वर्षं जागा राखून ठेवणारं कुणीतरी तिथे होतं.

पश्चिम जर्मनीच्या कार्मेन रिशरने १९७५ ला माद्रिदमध्ये विजेतेपद घेतलं, पूर्व युरोपचे बलाढ्य संघ त्या वर्षी आलेच नव्हते. त्यानंतरचं जर्मनीचं नाव फळ्यावर लिहिलं ते थेट २०२३ ला : वालेन्सिया, दार्या वार्फोलोमेएव. मधे अठ्ठेचाळीस वर्षं. २०२२ ला सोफिया शहरात इटलीची सोफिया राफाएली जिंकली, इटलीची ही पहिलीच वैयक्तिक सर्वांगीण जगज्जेती. म्हणून आपण सात वर्षांत ‘निकाल दाखवा’ म्हणता तेव्हा मला वाईट वाटतं. रोप लावून रोज उकरून बघण्यासारखं आहे ते.

गेल्या वर्षी २ नोव्हेंबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. दक्षिण आफ्रिकेला बावन्न धावांनी हरवलं. त्या रात्री संकुलाच्या आवारात समितीनेच फटाके लावले, पेढे वाटले. आमच्या मुलीही नाचल्या होत्या. अध्यक्षसाहेब, त्या रात्री आपण माझ्या लेकीला पेढा देताना म्हणालात, ‘आता मुलींच्या खेळाला कुणी अडवू शकत नाही.’ ती ते वाक्य अजून सांगते.

संकुलाला पैसा लागतो हे आम्हाला कळतं. विजेचं बिल, पाण्याची टाकी, रखवालदारांचे पगार, सगळं महागलं आहे. लग्नाचा हॉल केला की भाडं येईल, हा हिशेब चुकीचा नाही. पण आम्हालाही हिशेब मांडू द्या. सराव सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी असतो. शनिवार-रविवार आणि सणाच्या दिवशी हॉल आहे त्या छतासकट भाड्याने द्या, कार्पेट गुंडाळून ठेवायला आणि परत अंथरायला आम्ही पालक येऊ. फी वाढवायची तर वाढवा. चाळीसपैकी बत्तीस घरांनी पाव हिस्सा जास्त द्यायची तयारी लिहून दिली आहे. उरलेल्या आठ घरांना परवडत नाही, त्यांच्यासाठी मी वर्षाला आठ लिओटार्ड फुकट शिवून देईन.

आमचं मागणं असं आहे.

पहिलं, मोठ्या हॉलचं छत आहे त्या उंचीवर राहू द्या. बाकी सगळ्यावर बोलता येईल, यावर नाही. एकदा खाली आलेलं छत कुणी पुन्हा वर नेत नाही.

दुसरं, आठवड्यातून तीन संध्याकाळी चार ते सात हा वेळ मुलींना परत द्या, आणि तो ऑगस्टपासूनच द्या. सप्टेंबरमध्ये स्पर्धा सुरू होतात.

तिसरं, कार्पेट तळघरातून आजच वर आणा. ओल धरलेल्या पट्ट्या बदलायचा खर्च संकुलाने आणि पालकांनी निम्मा-निम्मा उचलावा.

अठराच्या वरच्या ज्या मुली धाकट्यांना शिकवतात त्यांची सदस्यत्वाची अट काढा. त्या खेळाडू म्हणून येत नाहीत, मदतीला येतात. शिवाय हॉलबद्दल काहीही ठरवण्याआधी एका पालकाला आणि ताईंना सभेत बसू द्या. मतदानाचा हक्क नको, बोलण्याचा द्या.

आणि एकदा येऊन बघा. शुक्रवारी, कार्पेट वर आलेलं असेल तर सहाच्या सुमाराला मोठ्या हॉलमध्ये, नसेल तर रात्री आठला तळघरात. दारातून डोकावून जाऊ नका, बसा. एका रूटीनला फक्त दीड मिनिट लागतं.

फळा मी रिक्षात घालून घरी आणला आहे. १९६३ पासून २०१९ पर्यंतच्या ओळी शाबूत आहेत. खालच्या तीन खरवडून, प्रायमर लावून, पुन्हा लिहिल्या आहेत. त्याखाली २०२५ ची ओळही घातली, ती आधी लिहायची राहिली होती : रिओ, दार्या वार्फोलोमेएव. रंग वाळला आहे. भिंतीतले खिळे अजून जागेवर आहेत, मी पाहिलेत. फळा कधी घेऊन येऊ, एवढं कळवा.

आपली,
रिदमिकच्या एका मुलीची आई,
कळवा, ठाणे